घाटात दम लागणारा कॉम्प्युटर

तिसऱ्यांदा तो कॉम्प्युटर माझ्या टेबलावर होता, आणि तिसऱ्यांदा तो ठणठणीत होता.

समोर वैशाली उभी होती. अंगावर खाकी, खांद्याला तिकीट मशीनची पिशवी. ती बसमध्ये कंडक्टर आहे. विसरवाडीची फेरी संपवून थेट माझ्याकडे आली होती. मी टेस्ट लावून दीड तास झाला होता. टेस्ट म्हणजे मशीनला मुद्दाम भरपूर काम द्यायचं, पळवायचं आणि कुठे अडखळतं का ते बघायचं. कुठेच अडखळत नव्हतं. पंखे नीट, तापमान नीट, स्क्रीनवर गेममधली बस सुसाट पळत होती.

“ताई, आप्पा सांगस, घाट लागना का गाडीले दम लागस,” वैशाली म्हणाली.

“कोनता घाट? आठे तर मस्त पळी ऱ्हायनी.”

“आठे पळस. घरमा नही पळत.”

दम लागणं म्हणजे काय, हे मी एव्हाना समजून घेतलं होतं. चित्र अडकत अडकत पुढे सरकतं. आपण स्टिअरिंग आता फिरवतो आणि बस क्षणभराने वळते. पण हे का होतं, ते मला कळेना. मी वीस वर्षं नंदुरबारमध्ये कॉम्प्युटर विकते आणि दुरुस्त करते. दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस अजूनही मलाच विचारतो, “मेकॅनिक कुठंय?” मी हातातला स्क्रूड्रायव्हर वर करून दाखवते. इतक्या वर्षांत मेलेली मशीनं पाहिली, जळालेली पाहिली, उंदराने वायर खाल्लेली पाहिली. माझ्यासमोर शहाण्यासारखं वागून घरी गेल्यावर आडमुठेपणा करणारं हे पहिलंच.

वैशाली पहिल्यांदा आली ती दिवाळी झाल्यावर. “गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे, तयार, आणि परवडणारा,” म्हणाली. मला वाटलं, भावासाठी असेल.

“कोण खेळणार?” मी विचारलं.

“आप्पा.”

आप्पा म्हणजे तिचे वडील. बसचे ड्रायव्हर होते. उमेदीची बरीच वर्षं शहादा-तोरणमाळ गाडीवर काढली. रिटायर झाले आणि सहा महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, बोलणं थोडं जड झालं तरी आलं. डावा पाय मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी वैशालीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पायाला रोज कामाला लावा. जे सुधारायचं ते या काही महिन्यांत सुधारेल, नंतर फारशी आशा धरू नका. व्यायामासाठी रबरी पट्टा दिला होता. आप्पांनी तो एकदा हातात घेऊन पाहिला आणि खाटेच्या पायाला बांधून ठेवला. “हाई पोऱ्यासना खेळ मी नही करत,” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हापासून बहुतेक वेळ तसेच पडून असायचे.

मग वैशालीने कुणाच्या तरी घरी बस चालवायचा गेम पाहिला. खरंखुरं स्टिअरिंग, गिअरचा दांडा, आणि खाली तीन पेडल. तिसरं पेडल क्लचचं, ते डाव्या पायाने दाबायचं. घाटात तर दर वळणाला गिअर बदलायचा, म्हणजे दर वळणाला डावा पाय. ती हे सांगत होती आणि माझ्या डोक्यात उजेड पडत होता. व्यायाम म्हटलं तर आप्पा करणार नाहीत. गाडी म्हटली तर पाय आपोआप खाली जाईल. स्टिअरिंगचा जुना सेट तिने ऑनलाइन घेऊनही टाकला होता. आता फक्त तो चालवणारा कॉम्प्युटर हवा होता.

“असेंबल करून देते. स्वस्त पडेल,” मी म्हटलं. असेंबल म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला.

“नको ताई. तयारच द्या. एकच गॅरंटी, एकाच माणसाची गचांडी धरता येते.”

कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तिच्या मोबाइलमध्ये अकरा स्क्रीनशॉट होते. अकराही मशीनं ‘गेमिंग’. या शब्दाचा मला मनापासून राग आहे. डब्यात तीन रंगीत दिवे लावले की त्याला गेमिंग म्हणतात. वैशालीचं डोकं आधीच फिरलेलं होतं. एका व्हिडिओत एक माणूस सांगत होता, प्रोसेसर मोठा घ्या. दुसरा म्हणत होता, प्रोसेसर गेला खड्ड्यात, ग्राफिक्स कार्ड बघा. तिसरा दोघांनाही मूर्ख म्हणत होता.

मी तिला एकच सांगितलं. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. गेममध्ये सेकंदाला पन्नास-साठ चित्रं काढावी लागतात, तेव्हा कुठे ती हलल्यासारखी दिसतात. ते काम करायला वेगळं कार्ड हवंच. या कसोटीवर अकरातली पाच मशीनं तिथल्या तिथे गळाली. त्यांच्यात वेगळं कार्डच नव्हतं, नुसते दिवे. चार मशीनांमध्ये प्रोसेसरचं नाव भारदस्त, पण पिढी इतकी जुनी की त्यांना पेन्शन लागू व्हावी. उरली दोन. दोन्हींचा आतला माल जवळपास सारखा. एकाच्या पुढच्या बाजूला काच आणि आत दिवे, दुसऱ्याच्या पुढे साधी जाळी.

मी सुरतेच्या डीलरला फोन लावला. आमचा बराच माल तिकडूनच येतो.

“बेन, काचवाला ले लो,” तो म्हणाला. “आजकाल पब्लिक यही मांगे छे.”

“मला जाळीवाला पाहिजे.”

“जाळीवाला पंदरा दिन. काचवाला काल सवारे.”

काचवाला उद्या सकाळीच मिळत होता, आणि पंधरा दिवस म्हणजे आप्पांच्या मोजक्या महिन्यांतला अर्धा महिना. मी काचवाला मागवला. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं.

मशीन मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन लावलं. त्यांचं घर गावाच्या कडेला, मिरचीच्या पथाऱ्यांच्या बाजूला. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालतात ते मोकळं मैदान. तेव्हा मैदान रिकामं होतं, सीझन सुरू व्हायचा होता. टेबलावर स्क्रीन, टेबलाखाली पेडल, बाजूला स्टुलावर मशीन. आप्पांना दोघींनी धरून खुर्चीवर बसवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. आधी मशीनवर तळहात ठेवला, कान जवळ नेला.

“आवाज नही,” ते संशयाने म्हणाले.

“नवं शे आप्पा.”

“नवी गाडी बी आवाज करस, पोरी.”

मग त्यांनी स्टिअरिंग धरलं. गेममध्ये कुठल्या तरी परदेशातला डोंगर होता. आप्पा दोन मिनिटं त्या रस्त्याकडे बघत राहिले. हाताने डावा गुडघा धरून पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. दाबला. गिअर टाकला. बस निघाली. पहिल्या चढावर पाय निसटला तर त्यांनी तो स्वतःच उचलून परत ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात आप्पांची बायको उभी होती, सगळे त्यांना जिजी म्हणतात. त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी उगाच वायरी तपासत बसले.

चार दिवस सगळं छान चाललं. नंतर वैशालीचा फोन आला, गाडीला दम लागतो.

पहिल्यांदा मशीन दुकानात आलं तेव्हा मी सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. दुसऱ्यांदा रॅम बदलली. रॅम म्हणजे मशीनची हाताशी असलेली जागा, ती खराब असली तर असे झटके येतात. पुन्हा फोन. तिसऱ्यांदा पॉवर सप्लाय बदलला आणि ती दीड तासाची टेस्ट लावली. प्रत्येक वेळी माझ्या दुकानात ते मशीन बदक पाण्यावरून जावं तसं चालायचं. सुरतेच्या डीलरला विचारलं तर म्हणाला, “बेन, पीस तो बराबर छे. आदमी चेक करो.”

आदमीने मात्र आपल्या परीने तपासणी चालू ठेवली होती. बस आगारात परत आली की ड्रायव्हर गाडीतला बिघाड लिहून देतो, तशी आप्पा वहीत नोंद करत होते. वैशालीने ती वही आणली. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘वीस मिनिटांनी दम. चढावर जास्त. अर्धा तास बंद ठेवली, पुन्हा ठीक. गाडी तापते.’ खाली सही.

गाडी तापते, हे वाचून मी वैशालीला दुकानातल्या टेस्टचे आकडे दाखवले. तापमान अगदी योग्य. “तुन्हा आप्पाना अनुभव इंजिनना शे,” मी म्हटलं, आणि माझ्या आवाजात थोडा तोरा होता, तो मला आजही ऐकू येतो.

“आते त्या बठत बी नही ताई,” वैशाली म्हणाली. “म्हनतस, गाडीच खराब शे, पाय कसाले दुखाडू. पुन्हा भिंतकडे तोंड.”

मग मी म्हटलं, घरीच येते. वीज कमीजास्त होत असेल. व्होल्टेज बघायचा मीटर घेतला, एक स्टॅबिलायझर घेतला आणि रविवारी सकाळी फोन करून गेले. एव्हाना पथारी लाल झाली होती. रिक्षातून उतरताच शिंका सुरू झाल्या, पण सीझनमध्ये नंदुरबारमध्ये कोण शिंकत नाही.

घरात माझं अगदी साग्रसंगीत स्वागत झालं. पुढची खोली झाडलेली, खुर्चीवर धुतलेला टॉवेल, मशीन लखलखीत पुसलेलं. चहा, शेव. मीटर लावला. व्होल्टेज ठीक. आप्पांना आग्रहाने बसवलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास झाला. बस त्या परदेशी डोंगरावर चढली, उतरली, परत चढली. एकदाही अडकली नाही. तापमान ठीक.

आप्पा घामाघूम झाले होते. “तू उनी म्हनीसन चाली ऱ्हायनी,” ते म्हणाले. मी आले म्हणून गाडी चालते, हे हसण्यासारखं वाक्य होतं, पण ते हसत नव्हते. चूक पकडली गेल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

मी सामान आवरलं. वैशाली दारापर्यंत आली. मी आवाज खाली आणून तिला म्हटलं, “हे बघ, झटक्यानंतर कधी कधी नजरेला असं होतं. चित्र नीट असतं, पण माणसाला ते अडकल्यासारखं दिसतं. डोळ्याच्या, मेंदूच्या डॉक्टरांना एकदा विचार.”

आतून आवाज आला. जड, पण स्वच्छ.

“मन्हं डोकं ठीक शे, पोरी. फक्त पाय गया.”

मी निघाले. मोठ्या रस्त्यावर रिक्षाची वाट बघत पंधरा-वीस मिनिटं उभी होते. एक रिक्षा आली, मी बसले नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. मशीन मला समजेना, म्हणून मी माणसाला बिघडलेलं ठरवलं होतं. तेही त्याच्याच घरात, त्याचाच चहा पिऊन. दुरुस्ती जमली नाही तर नाही, निदान माफी मागून येऊ, असं ठरवून मी परत वळले.

दार उघडंच होतं. मी फोन केला नव्हता, त्यामुळे कुणी वाट बघत नव्हतं. आप्पा हट्टाने पुन्हा खुर्चीवर बसले होते, पाठमोरे. आणि स्क्रीनवर बस अडकत अडकत चालली होती. माझ्या डोळ्यांसमोर. एक धक्का, थांबा, एक धक्का, थांबा. माझे डोळे शाबूत होते आणि मला कुठलाही झटका आलेला नव्हता.

मी मशीनकडे बघितलं. मशीन दिसेना. स्टुलावर चादरीची चौपदरी घडी होती, खालून सुतळीने गच्च बांधलेली, आणि त्या गाठोड्याच्या आत माझं गेमिंग मशीन गुदमरत होतं.

“जिजी, हाई काय?”

जिजी गडबडल्या, सुतळी सोडायला धावल्या. “माय वं, तू परत उनी! थांब, काढस. पाव्हना उना का आम्ही काढी लेतस.”

“रोज झाकेल ऱ्हास का?”

“मंग? मिरचीनं तिखट उडस ना. इतली महागनी वस्तू. पथारी सुरू व्हयनी त्या दिनपासून झाकेल शे.”

मी खोलीभर नजर फिरवली. टीव्हीवर टॉवेल. पिठाच्या डब्यावर कापड. देवांवरसुद्धा पातळ फडकं. सकाळी तासभर मी याच खोलीत बसले होते आणि यातलं काहीच मला दिसलं नव्हतं, कारण सीझनमध्ये माझ्याही घरी टीव्हीवर टॉवेल असतो. नंदुरबारच्या बाईला नंदुरबारचं कापड दिसत नाही. आणि पाहुणीचा मान म्हणून नेमकं तेवढं एक गाठोडं माझ्यासाठी सोडलं होतं. दुकानात यायचं तेव्हा तर ते उघडंच यायचं.

मी तापमान बघितलं. नव्वदीच्या पार. मशीन इतकं तापलं की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतं. मग चित्रं कमी निघतात आणि बस अडकते. बंद ठेवलं, थंड झालं, की पुन्हा ठीक.

मी आप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. “आप्पा, तुमनं बरोबर व्हतं. गाडी तापी ऱ्हायनी व्हती. मी चुकनी.”

आप्पांनी हँडब्रेक लावला. गेममध्येच, पण व्यवस्थित लावला. मग म्हणाले, “रेडिएटरवर पोतं टाकीसन कोनी घाट चढस का?” आणि जिजींकडे बघून पहिल्यांदा हसले. जिजी मात्र रडवेल्या झाल्या होत्या. त्यांनी जीव लावून जपलं होतं, आणि जपण्यानेच आप्पांचे दिवस वाया गेले होते.

पण नुसतं कापड काढून प्रश्न सुटणार नव्हता. काढलं तर मिरचीची पूड पंख्यांतून आत जाणार, तेलकट थर बसणार, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. जिजींचं भय खरं होतं. चुकीची होती ती माझी निवड. काचेच्या त्या डब्याला हवा घ्यायला कडेला बोटभर फटी होत्या, आणि धूळ अडवायला काहीच नव्हतं. प्रोसेसर, कार्ड, रॅम, पिढी, सगळं मी तासभर घासाघीस करून निवडलं. मशीन कोणत्या हवेत श्वास घेणार, हे एकदाही विचारलं नाही. मशीन लावायला गेले तेव्हा पथारीच्या बाजूचं घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरीही डोक्यात आलं नाही.

मी सुरतेला फोन केला. “जाळीवाला डबा भेजो. फिल्टरवाला.”

“मैंने बोला था ना बेन, पीस बराबर छे.”

“पीस बराबर छे. मी बराबर नव्हते.”

तो गोंधळला. त्याला समजावत बसले नाही.

डबा आला तेव्हा एका सकाळी आतलं सगळं त्यात हलवलं. पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा बारीक फिल्टर. मशीन पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत नेलं, पथारीच्या विरुद्ध बाजूला. फिल्टर धुण्याचं काम जिजींनी मागून घेतलं, दर गुरुवारी आणि रविवारी. पहिल्या गुरुवारी त्या फिल्टरमधून इतकं लाल पाणी निघालं की त्या म्हणाल्या, रस्सा होईल याचा. झाकायचं असेल तर मशीन बंद करून, अर्ध्या तासाने, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं. जिजींना वाचता येत नाही. त्यांनी ते वैशालीकडून दोनदा वाचून घेतलं आणि पाठ केलं.

त्यानंतर फोन आला नाही. माझ्या धंद्यात फोन न येणं म्हणजेच चांगली बातमी, म्हणून मीही केला नाही.

हल्ली कुणी स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर विचारायला आलं की मी कार्ड-बिर्ड नंतर काढते. आधी विचारते, घर कुठे आहे, मशीन कुठल्या खोलीत ठेवणार आणि त्यावर काय झाकणार. गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की यांना विचारून आपण चूक केली. एकदोघे तर उठूनच गेले. जाऊ देत.

पथाऱ्या उठत आल्या त्या सुमारास एका दुपारी रिक्षा थांबली आणि आप्पा उतरले. हातात काठी होती. वैशाली मागे होती, पण तिने त्यांना धरलं नव्हतं. रस्ता ओलांडून ते काउंटरपर्यंत आले. डाव्या पायात साधी पट्ट्याची चप्पल होती, आणि चालताना ती पायातून निघाली नाही. पाय मेलेला असला की पहिली निसटते ती चप्पल. मी तिच्याकडेच बघत राहिले.

“तक्रार शे,” आप्पा दम खात म्हणाले. “इतला महिना व्हयनात क्लच मारी ऱ्हायनू, तरी गाडीनी क्लच प्लेट घसात नही. असं व्हत नही. कंपनीले लिखीसन दे.”

“देते,” मी म्हटलं, आणि वही ओढून ती तक्रार शब्दन् शब्द उतरवून घेतली.